सॅटसाठी निबंध पाठ करणाऱ्या अमळनेरच्या मुलीला

पत्र (थोडं आटोपशीर करून):

«मॅडम, मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहते. अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरात अहिराणी. पुढच्या वर्षी सॅट (अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या प्रवेशासाठीची परीक्षा) द्यायची आहे, कारण मला हव्या असलेल्या दोन-तीन विद्यापीठांत ते गुण चालतात आणि शिष्यवृत्तीही मिळू शकते. गणिताची भीती नाही, रायटिंगची आहे. पुण्याच्या मावसभावाने त्याचं जुनं जाडजूड पुस्तक दिलंय. त्यात निबंधाचे नमुने आहेत. रोज संध्याकाळी एक निबंध लिहिते, काही पाठही केलेत. एका ऑनलाइन क्लासने निबंध तपासून देण्याचं पॅकेज सांगितलंय. बाबा पैसे भरायला तयार आहेत. घरात अहिराणी असल्यामुळे माझं इंग्रजी कच्चं राहिलं असं सगळे म्हणतात. गल्लीतल्या बायांचे अर्ज मी मराठीत लिहून देते, ते साहेबांना पटतात. इंग्रजी निबंध मात्र जमत नाही. भरू का पैसे?»

बाबांना आधी सांग, पैसे भरू नका. बाकीचं निवांत वाच.

सॅटमध्ये आता निबंध लिहायचा नसतो. पूर्वी असायचा. २००५ मध्ये या परीक्षेला लेखनाचा वेगळा विभाग जोडला गेला, त्यात २५ मिनिटांचा निबंध सक्तीचा होता आणि एकूण गुण २४०० झाले. २०१६ मध्ये परीक्षा परत १६०० गुणांवर आली आणि निबंध ऐच्छिक झाला, ५० मिनिटांचा. जानेवारी २०२१ मध्ये परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने तोही बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्या वर्षीच्या जूननंतर तो थांबला. अमेरिकेतल्या काही राज्यांत शाळेच्या दिवशी होणाऱ्या सॅटला निबंध जोडलेला असतो, पण तुझा त्याच्याशी संबंध नाही. तू देशील त्या परीक्षेत इंग्रजीचं एक वाक्यसुद्धा स्वतःच्या मनाने लिहायचं नाही.

क्लासवाल्यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. खरंच ठाऊक नसेल तर ते आणखी वाईट. त्यांना फोन करून एवढंच विचार: निबंध कुठल्या विभागात येतो आणि त्याला किती मिनिटं असतात? विद्यापीठाच्या प्रवेशअर्जासोबत जे निबंध द्यावे लागतात त्यांच्याबद्दल ते बोलत असतील, तर ती वेगळी गोष्ट आहे. तिच्याकडे मी नंतर येते. पण मग त्यांनी पॅकेजला सॅटचं नाव लावायला नको होतं.

मावसभावाच्या पुस्तकाचंही तेच. सॅटचं पुस्तक जुनं आहे का, हे ओळखायला मुखपृष्ठ बघायची गरज नसते. आत निबंधाचं प्रकरण असेल तर ते २०२१ च्या आधीचं. उतारा पानभर लांब आणि त्याखाली दहा-अकरा प्रश्न असतील तर ते परीक्षा कागदावर होत होती तेव्हाचं. आपल्याकडे, म्हणजे अमेरिकेबाहेर, मार्च २०२३ पासून ही परीक्षा संगणकावर होते आणि उताऱ्यांचा नमुना पार बदलला आहे. तरी पुस्तक रद्दीत टाकू नकोस. इंग्रजी वाक्याचे नियम तेच आहेत, त्यामुळे व्याकरणाची प्रकरणं आजही उपयोगी पडतात. निबंधाची पानं मात्र स्टेपल करून टाक.

आता खरी परीक्षा कशी असते ते बघू. «रीडिंग अँड रायटिंग» हा एकच विभाग आहे, ८०० गुणांचा. एकूण ५४ प्रश्न आणि ६४ मिनिटं. त्याचे दोन भाग असतात, प्रत्येकी २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटापेक्षा थोडं कमीच. प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा छोटा उतारा असतो, २५ ते १५० शब्दांचा, आणि चार पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पहिला भाग तू कसा सोडवतेस त्यावर दुसरा भाग सोपा येणार की अवघड, हे ठरतं. अवघड आला तर घाबरू नकोस. वरचे गुण त्याच वाटेवर आहेत.

या ५४ पैकी निम्म्याहून थोडे अधिक प्रश्न वाचनाचे असतात: शब्दाचा संदर्भातला अर्थ, उताऱ्याचा मुद्दा, तक्त्यावरून निष्कर्ष वगैरे. उरलेले लेखनाचे. त्यांत साधारण पाव हिस्सा व्याकरण आणि विरामचिन्हांचा, आणि साधारण पाचवा हिस्सा जोडशब्दांचा व टिपणांवरून वाक्य निवडण्याचा. तुला ज्याची भीती वाटते ते रायटिंग एवढंच. दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्यात एक जागा रिकामी असते, तिथे चारपैकी काय बसतं ते सांगायचं.

इथे अहिराणीचा प्रश्न येतो, आणि तुझ्या घरच्यांशी मी थोडं भांडणार आहे. बोलताना कुणीही अर्धविराम उच्चारत नाही. ज्याच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी बोलतात त्या मुलालाही स्वल्पविराम कुठे चालतो आणि अर्धविराम कुठे लागतो हे कागदावरूनच शिकावं लागतं. उलट त्याचा घोटाळा असा होतो की त्याला सगळंच कानाला बरं वाटतं, म्हणून तो नियम शिकायचा कंटाळा करतो. तुला कानावर भरवसा नाही, तू नियम बघशील. या परीक्षेपुरता तो फायदा आहे. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. वाचनाच्या प्रश्नांत लहानपणापासून इंग्रजी वाचणाऱ्याला फायदा असतोच, ते नाकारता येणार नाही. पण व्याकरणाचे प्रश्न मोजक्या नियमांवर फिरतात, आणि नियम कुठल्याही माध्यमात शिकता येतात.

मात्र मराठी-अहिराणीची वाक्यरचना अंगात मुरलेली असली की तीन ठिकाणी पाय घसरतो. तीच तीन ठिकाणं आधी पक्की कर.

पहिलं ठिकाण स्वल्पविरामाचं. आपण सहज लिहितो: पाऊस आला, शाळा सुटली, आम्ही घरी पळालो. अहिराणीत «पाऊस उना, आम्ही घरमा गऊत.» यात काहीच वावगं नाही. इंग्रजीत मात्र दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं ही चूक धरतात, आणि सॅटला ही चूक पकडायला फार आवडतं. दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये पूर्णविराम चालतो, अर्धविराम चालतो, किंवा स्वल्पविराम आणि त्यापुढे «अँड», «बट», «सो» यांसारखा जोडशब्द चालतो. नुसता स्वल्पविराम नाही, आणि काहीच न टाकणंही नाही. म्हणून या प्रश्नात पहिलं काम पर्याय वाचण्याचं नसतं. रिकाम्या जागेच्या डावीकडचं वाक्य स्वतःच्या पायावर उभं आहे का, आणि उजवीकडचं आहे का, एवढंच आधी ठरवायचं. दोन्ही उभी असतील तर मध्ये भिंत लागते, म्हणजे वर सांगितलेल्या तिन्हींपैकी एक. एक अर्धवट असेल तर भिंत चालत नाही.

यातून एक युक्ती निघते. दोन पूर्ण वाक्यांमध्ये पूर्णविराम आणि अर्धविराम या परीक्षेत एकच काम करतात. त्यामुळे दोन पर्यायांत बाकी सगळं सारखं आणि फक्त एकात पूर्णविराम, दुसऱ्यात अर्धविराम असेल, तर ते दोन्ही चूक. उत्तरं दोन असूच शकत नाहीत. राहिले दोन पर्याय.

याच जागी «हाउएव्हर» आणि «देअरफोर» फसवतात. आपल्याला ते «पण» आणि «म्हणून» वाटतात, म्हणून आपण त्यांच्याआधी स्वल्पविराम टाकून मोकळे होतो. पण त्यांच्यात जोडायची ताकद नसते. ओळखायची खूण अशी की «हाउएव्हर» वाक्यात सुरुवातीला, मध्ये, शेवटी कुठेही सरकवता येतो. «बट» सरकवून बघ, वाक्य मोडतं. जो सरकतो तो जोडत नाही, त्याच्या जवळ वाक्याच्या हद्दीवर पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतोच.

दुसरं ठिकाण कर्ता आणि क्रियापदाचं. मराठीत तू कधीच चुकत नाहीस. «रावेरच्या केळीच्या घडांची गाडी निघाली» असं म्हणतेस, घड अनेक आहेत म्हणून «निघाले» म्हणत नाहीस. कारण आपल्याकडे मुख्य शब्द, म्हणजे गाडी, शेवटी येतो आणि क्रियापद त्याला चिकटूनच असतं. इंग्रजीत हे उलटं होतं. गाडी आधी येते, मग तिच्यामागे केळी, घड, रावेर, यावल अशी रांग लागते आणि क्रियापद पार शेवटी. तिथे पोचेपर्यंत कानात घड घुमत असतात आणि आपण अनेकवचन टिक करतो. «द क्वालिटी ऑफ द बनानाज ग्रोन इन रावेर अँड यावल» यापुढे «इज» येईल की «आर»? क्वालिटी एकच आहे, म्हणून «इज». सरावाच्या वेळी पेन्सिलने «ऑफ»पासून पुढचं सगळं खोडत जा आणि दोन स्वल्पविरामांमधलं जादा वर्णनही खोड. जे उरेल त्यावरून क्रियापद ठरव. परीक्षेत कच्च्या कामासाठी कागद देतात, पण पडद्यावरच्या उताऱ्यावर पेन्सिल चालत नाही, म्हणून ही सवय नजरेला लागेपर्यंत कागदावर कर.

तिसरं ठिकाण जरा गमतीचं. «भुसावळला उतरताना पाऊस लागला.» कोण उतरत होतं? आम्ही. वाक्यात «आम्ही» नाही, तरी कुणाला शंका येत नाही. इंग्रजीत अशा वाक्याची सुरुवात «गेटिंग ऑफ द ट्रेन ॲट भुसावळ» अशी झाली, तर स्वल्पविरामानंतर लगेच उतरणारा माणूस यावा लागतो. तिथे पाऊस आला तर वाक्याचा अर्थ होतो, पाऊस गाडीतून उतरला. परीक्षेत चारही पर्याय व्याकरणाने सुबक दिसतात, लांबलचक असतात, आणि प्रत्येक वेगळ्या शब्दाने सुरू होतो. ते पूर्ण वाचत बसू नकोस. सुरुवातीच्या तुकड्यातली क्रिया कोणी केली ते बघ आणि ज्या पर्यायाची सुरुवात त्या कर्त्याने होते तो उचल. या प्रश्नात वीस सेकंदांत गुण मिळतो, आणि ते वेळ वाचवायचं ठिकाण आहे.

बाकीचे नियम आहेत, पण त्यांचा फार बाऊ नको. अपूर्णविरामाच्या आधी पूर्ण वाक्य हवं. वर्णनाचा तुकडा वाक्याच्या मध्ये घुसवला असेल तर दोन्ही बाजूंना सारखंच चिन्ह हवं, एकीकडे डॅश आणि दुसरीकडे स्वल्पविराम असं नाही. «इट्स» अपॉस्ट्रॉफीसह म्हणजे «इट इज», विनाअपॉस्ट्रॉफी म्हणजे «त्याचं». काळ आजूबाजूच्या वाक्यांशी जुळवायचा. एक रविवार पुरे.

जोडशब्दांचे प्रश्न मला स्वतःला आवडतात, कारण तिथे इंग्रजीपेक्षा विचार जास्त लागतो. दोन वाक्यं दिलेली असतात, दुसऱ्याच्या सुरुवातीला रिकामी जागा. मुलं काय करतात, चारही शब्द एकेक करून बसवून बघतात आणि जो कानाला भारदस्त वाटतो तो घेतात. तू पर्याय हाताने झाक. दोन्ही वाक्यं वाच आणि त्यांच्यात नातं काय आहे ते मनात मराठीत म्हण: पण? म्हणून? शिवाय? उदाहरणार्थ? त्याआधी? नातं ठरल्यावरच हात काढ. अहिराणीत म्हटलंस तरी चालेल, तिथे कोणी ऐकत नाही. एवढ्यासाठी इंग्रजी जोडशब्दांची एक यादी नात्यानुसार गट पाडून करून ठेव. «नेव्हरदलेस» आणि «ऑन द कॉन्ट्ररी» हे दोघंही उलट दिशेचे असले तरी सारखे नाहीत. पहिला म्हणतो, ते खरं असलं तरी. दुसरा आधीचं म्हणणंच खोडतो. असे बारकावे यादीत शब्दासमोर मराठीत लिही.

आता टिपणांचे प्रश्न, आणि इथे तुझ्या पत्रातली ती अर्जांची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. या प्रश्नात एका विद्यार्थ्याची चार-पाच टिपणं दिलेली असतात आणि शेवटी त्याला काय साधायचं आहे ते सांगितलेलं असतं. नमुना मी आपल्या नदीवरून करते. टिपणं अशी: तापीचा उगम मध्य प्रदेशात मुलताईजवळ, लांबी सुमारे ७२४ किलोमीटर, ती पश्चिमेला वाहत खंबातच्या आखातात जाते, गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरजवळ, लांबी सुमारे १४६५ किलोमीटर, ती पूर्वेला वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. हेतू: दोन नद्यांच्या प्रवाहाच्या दिशेतला फरक दाखवायचा आहे. पर्याय: एक, तापी मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहते. दोन, गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावून बंगालच्या उपसागराला मिळते. तीन, तापी आणि गोदावरी या दोन्ही महाराष्ट्रातून वाहणाऱ्या मोठ्या नद्या आहेत. चार, तापी पश्चिमेकडे जाते, तर गोदावरी पूर्वेकडे.

चारही खरे आहेत. खरं-खोटं ठरवायला गेलीस तर अडकशील. हेतू पूर्ण करतो तो चौथाच. म्हणून टिपणं वाचण्याआधी शेवटची हेतूची ओळ वाचायची, मग थेट पर्याय, आणि गरज पडली तरच टिपणं.

गल्लीतली बाई अर्ज लिहून घ्यायला येते तेव्हा ती सगळं सांगते: दिराने कसा त्रास दिला, गेल्या साली विहीर कशी आटली, तलाठी आप्पा किती वेळा जागेवर नव्हते. तू ऐकून घेतेस आणि कागदावर उतरवतेस ते फक्त तहसील कचेरीला लागेल तेवढं. दीर वगळतेस, विहीर ठेवतेस. हेच काम इथे इंग्रजीत आहे, आणि इथे तर लिहायचंही नाही, निवडायचंच आहे. इंग्रजी निबंध जमत नाही म्हणून लेखनच जमत नाही असं तू ठरवून टाकलंस, ते काही मला पटलं नाही.

संध्याकाळच्या निबंधांची वही आहे ना, ती उघड आणि लाल पेन घे. जिथे जिथे तू दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली आहेत तिथे खूण कर. पहिल्या पाच पानांतच भरपूर सापडतील. प्रत्येक जागी काय टाकायला हवं होतं ते बाजूला लिही. मग दुसऱ्या फेरीत कर्ता-क्रियापद, तिसऱ्या फेरीत «गेटिंग»सारख्या «इंग»वाल्या शब्दाने सुरू होणारी वाक्यं. छापील पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा स्वतःच्या चुका लवकर लक्षात राहतात, आणि या सरावाला एक पैसा लागत नाही. पाठ केलेल्या नमुन्यांवर मात्र हे करू नकोस, ती वाक्यं तुझी नाहीत.

सरावाचं साहित्यही फुकट आहे, म्हणून पॅकेजच्या बाबतीत मी एवढी ठाम आहे. परीक्षा ज्या «ब्लूबुक» ॲपवर होते त्याच ॲपवर पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा मोफत मिळतात. त्या मोजक्या आहेत. अभ्यास न करता एक देऊन टाक, म्हणजे कुठे उभी आहेस ते कळेल. पुढची लगेच देऊ नकोस. मुलं उत्साहाच्या भरात सगळ्या संपवतात आणि शेवटच्या महिन्यात हातात काही उरत नाही. मधल्या काळासाठी कॉलेज बोर्डाची मोफत प्रश्नपेढी आहे. तिथे फक्त विरामचिन्हांचे, फक्त जोडशब्दांचे असे प्रश्न वेगळे काढता येतात. खान ॲकॅडमीवरचे सॅटचे धडेही मोफत आहेत आणि ते मोबाइलवर चालतात.

चुकलेल्या प्रश्नांची वही ठेव, पण तिच्यात «ग्रामर वीक» असं लिहून पान भरू नकोस. कारण मराठीत, पूर्ण वाक्यात लिही: «उजवीकडचं वाक्य अर्धवट होतं ते मी पाहिलं नाही.» «मी हेतूची ओळ वाचलीच नाही.» महिन्याने वही चाळलीस तर तेच दोन-तीन घोटाळे पुन्हा पुन्हा दिसतील. पुढचा महिना त्यांच्यावरच घालव.

वेळेचं एक सांगते. प्रत्येक भागात प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो: आधी शब्दार्थ आणि रचनेचे, मग आकलनाचे, मग व्याकरणाचे, शेवटी जोडशब्द आणि टिपणांचे. म्हणजे तुझी बलस्थानं होऊ शकतील असे प्रश्न मागे बसलेले असतात आणि तोवर वाचनाच्या उताऱ्यांत घड्याळ संपत येतं. एका भागाच्या आत पुढे-मागे जायची मुभा असते. त्यामुळे एखाद्या सरावात सरळ व्याकरणापासून सुरुवात कर, शेवटापर्यंत जा आणि मग पहिल्या प्रश्नाकडे ये. गुण वाढले तर तीच पद्धत ठेव, नाही तर सोड. प्रत्येक भागात दोन प्रश्न नुसते चाचपणीसाठी असतात, त्यांचे गुण धरत नाहीत. कोणते, ते कळत नाही. तेव्हा एखादा प्रश्न फारच विचित्र वाटला तर त्याच्याशी झुंजत बसू नकोस, खूण करून पुढे जा.

आता ते अर्जासोबतचे निबंध. परदेशी विद्यापीठांसाठी बरीच मुलं «कॉमन ॲप»वरून अर्ज करतात, तिथे एक वैयक्तिक निबंध असतो, जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. आपल्याकडची काही खासगी विद्यापीठंही अर्जात लिहायला सांगतात. हे घरी बसून, आठवडे घेऊन लिहायचं असतं, त्यामुळे परीक्षेच्या तयारीत ते मिसळू नकोस. प्रदूषण, मोबाइल शाप की वरदान, असले विषय तिथे कामाचे नाहीत. तुझी तहसील कचेरीतली बाकडी, तो दीर, ती विहीर, हे तुझ्याशिवाय कोणी लिहू शकत नाही. आधी मराठीत लिही, मग इंग्रजीत नव्याने लिही, शब्दाला शब्द ठेवू नकोस. कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना किंवा मॅडमना चुका दाखवायला सांग, लिहून द्यायला सांगू नकोस. दुसऱ्याकडून किंवा एआयकडून लिहून घेतलेलं स्वतःचं म्हणून देणं हा प्रवेशात गैरप्रकार धरला जातो.

नोंदणी करण्याआधी तुझ्या यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेशाच्या पानावर जाऊन बघ, सॅट सक्तीची आहे, ऐच्छिक आहे, की ते स्वतःची परीक्षा घेतात. फी डॉलरमध्ये असते आणि अमेरिकेबाहेरच्यांना वर जादा आकार पडतो, त्यामुळे उगाच द्यायची ही परीक्षा नाही. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. तेव्हा सॅट ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान उरकलेली बरी, आणि डिसेंबरची एक तारीख हाताशी राखून ठेव. परीक्षेला लॅपटॉप किंवा आयपॅड लागतो, मोबाइल चालत नाही. ॲप आधी टाकून, चार्ज करून न्यायचं. मध्येच नेट गेलं तरी परीक्षा चालू राहते, सुरू करताना आणि शेवटी उत्तरं पाठवताना मात्र जोडणी लागते. घरात लॅपटॉप नसेल तर कोणाचा मिळेल ते आत्ताच ठरव आणि सरावाच्या परीक्षा त्याच यंत्रावर दे. केंद्र दुसऱ्या शहरात मिळालं तर आदल्या दिवशीच पोचायचं. सकाळी गाडीला उशीर झाला हे कारण तिथे चालत नाही.

शेवटची गोष्ट कागदांची. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा आईचं असतं, आधारवर क्रम वेगळा असतो, आणि स्पेलिंग तर कुठे काय असेल सांगता येत नाही. पासपोर्ट काढणार असशील तर आधी आधार आणि गुणपत्रिका शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघ. दुरुस्ती लागली तर ती याच सुट्टीत करून घे, परीक्षेच्या आदल्या महिन्यात तालुक्याला खेटे घालायची वेळ येऊ देऊ नकोस.